उशीर म्हणजे रद्द नव्हे

प्रिय चिमणे,

फोन उचलायचाच नाही असं तू ठरवलंयस, म्हणून हा कागद. आधी बाबांचं सांगते. त्यांची कुरकुर पूर्ववत सुरू झाली आहे, म्हणजे काळजीचं कारण नाही. उशी टणक, पंखा जोरात, दादाची गाडी हळू. ऐकून जीव भांड्यात पडतो.

त्या दिवशी दादाने डायलिसिस सेंटरला मेसेज केला की बाबांना यायला उशीर होईल. तो वाचला तिथल्या एआय मदतनिसाने, आणि तो बाबांची डायलिसिसची खुर्ची दुसऱ्या रुग्णाला देऊन मोकळा झाला. दुसरी खुर्ची मिळेपर्यंत बाबांना चांगलीच धाप लागली. ड्यूटीवर नर्स म्हणून तू होतीस, खापर तुझ्या डोक्यावर फुटलं. दादाने तर घरात तोंडाला येईल ते ऐकवलं. आणि एरवी अरेला कारे करणारी तू, राजीनामा टाकून मावशीकडे निघून गेलीस! मला याचा राग आला आहे, लिहूनच टाकते.

ते सॉफ्टवेअर आमच्याच कंपनीचं, म्हणून चूक शोधायचं काम मी हट्टाने मागून घेतलं. मदतनिसाच्या हाताशी बरीच टूल्स, म्हणजे एकेक ठरावीक काम करणारी साधनं, असतात, आणि कुठलं कधी वापरायचं हे त्याला त्यांच्या वर्णनावरून कळतं. खुर्ची सोडून देणाऱ्या टूलचं वर्णन काय होतं, माहीत आहे? ‘रुग्णाच्या वेळेत बदल करते.’ बस्स. वेळ पुढे सरकवणाऱ्या टूलचंही अगदी तेच. लिहिणाऱ्याला वाटलं असेल, कळेलच की! मदतनिसाने दोन्हींतलं एक उचललं, आणि तुझ्या स्क्रीनवर आलं, ‘वेळेत बदल केला.’ डोळ्यांत तेल घालून पाहिलं असतंस तरी तुला तेवढंच दिसलं असतं.

ते वर्णन मी नव्याने लिहिलं. हे टूल रुग्णाची खुर्ची सोडून देतं, ती परत मिळेलच असं नाही. रुग्ण येणारच नाही असं स्पष्ट कळवलं असेल तरच वापरावं. उशीर होणार असेल तर वापरू नये. शंका आली तर आधी विचारावं. आमच्या साहेबांना हे लांबलचक वाटलं. मग त्यांच्यासमोर दादाचा तोच मेसेज जुन्या वर्णनावर चालवला, खुर्ची गेली. नव्यावर चालवला, तर मदतनिसाने विचारलं, किती उशीर होईल? एवढंच त्या दिवशी विचारलं गेलं असतं तर, या विचाराने मला साहेबांसमोरच रडू आलं. दादालाही हे दाखवलं. माफी त्याची त्याने मागायची, मी त्याचा निरोप्या नाही.

सोमवारी सेंटरमध्ये बैठक आहे. तुझा राजीनामा मंजूर करायचा आणि अहवालात ‘नर्सचा निष्काळजीपणा’ लिहून हात झटकायचे, असा बेत आहे. तो शिक्का बसला तर तुला पुढे कोण नोकरी देणार? मी सगळ्यांसमोर दोन्ही वर्णनं चालवून दाखवणार आहे, कंपनीची चूक उघडी केली म्हणून माझी नोकरी गेली तरी बेहत्तर. पण राजीनामा मला मागे घेता येत नाही, तो तुलाच घ्यावा लागेल. म्हणून हे पत्र. आणि बाबांनी जाहीर केलंय, सोमवारी सुई टोचायला तू नसलीस तर ते हातच पुढे करणार नाहीत. ते बोलतात तसं करतात, हे तुला ठाऊक आहे. ये.

तुझीच, आणि तुझ्याच बाजूची,
ताई