टाकीतलं वीतभर अंतर

तीर्थरूप दादा,

रीत म्हणून तीर्थरूप लिहिलं. मनातलं लिहिलं तर कागद करपेल.

परवा तुझं वर्षश्राद्ध. तुला मुलगा नाही, म्हणजे तुला पाणी मीच द्यायचं. त्याआधी पाण्याचंच जरा बोलून घेऊ.

वहिनी म्हणाल्या, "भावोजी, श्राद्धाआधी टाकी धुऊन द्याल?" शिडी लावून वर गेलो, झाकण काढलं. ऐन वैशाख, तळाशी पाणी उरलेलं जेमतेम सहा बोटं. आपल्या सामायिक टाकीला दोन भोकं, एक तुझ्या नळांचं, एक माझ्या. तुझं पाण्याखाली. माझं त्याच्याहून वीतभर वर, कोरडं ठाक.

गाळ नळात उतरू नये म्हणून भोक तळापासून दोन बोटं वर ठेवतात, एवढं प्लंबिंग मलाही बघून बघून आलंय. पण वीतभर? माझ्या घरचा गाळ काय वेगळा होता रे?

अकरा उन्हाळे मी विचारत आलो, "दादा, माझाच नळ का सुकतो?" तू ओटीवर दाढी घोटत सांगायचास, "पायपात हवा धरते. तोंड लावून ओढ." आणि मी साठीचा बाप्या नळाला वासरासारखा लुचायचो. आरशातून बघत होतास ना?

तेव्हा आमची ही खालच्या विहिरीवरून पाखाडीच्या पायऱ्या चढून कळश्या आणत होती. तिची कंबर त्यातच गेली. आज खाली पडलेला चमचासुद्धा तिला उचलता येत नाही. हे मी विसरणार नाही, आणि माफ तर मुळीच करणार नाही.

वहिनींना विचारलं. पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "मी बोलले होते ह्यांना. म्हणाले, धाकट्याला हात आखडून पाणी वापरायची सवय लागू दे."

म्हणजे शिकवणी होती तर!

मी म्हटलं, "आता पाइप उलटे जोडतो. तुमचा वर, माझा खाली."

"जोडा. कळशी आहे माझ्याकडे," म्हणाल्या, आणि खरंच माळ्यावरची कळशी काढायला उठल्या.

सत्तरी उलटलेली बाई. राग तुझ्यावरचा, तो त्यांच्या कमरेवर कसा काढू?

शेवटी माझ्यासाठी नवं भोक पाडलं, तुझ्या भोकाच्या अगदी बरोबरीला. वरचं जुनं मात्र बुजवलं नाही. त्याला एक छोटी तोटी बसवली. ती तुझी.

परवा दर्भ, तीळ घेऊन बसेन. तुझं नाव घेईन, गोत्र सांगेन, सगळं रीतीप्रमाणे. पाणी तेवढं त्या तोटीचं. शब्द देतो, दुसऱ्या नळाचा थेंबही तुझ्या वाट्याला येऊ देणार नाही. आणि तोटी कोरडी निघाली तर समजून घे, पायपात हवा धरली असेल.

तोंड लावून ओढ.

तुझा धाकटा,
बाळ