ओट्यासमोरची भिंत

मी, खाली सही करणारा, वय वर्षे सत्तावन्न, व्यवसाय संस्कृत शिकवणे, राहणार चर्चला लागून असलेल्या घराच्या मागच्या दोन खोल्या, लिहून ठेवतो की माझी बुद्धी शाबूत आहे. शंका असल्यास दुसरे साक्षीदार डॉक्टर आहेत. त्यांनी मला तपासून हृदयाबद्दल कुरकुर केली, डोक्याबद्दल नाही. हे पत्र कोणाच्या दडपणाखाली लिहिलेले नाही. दडपण होते ते न लिहिण्याचे.

कलम १. आमच्या घराण्याची रीत अशी, की कर्त्या पुरुषाने चर्चला वास्तूतले काहीतरी अर्पण करावे. आजोबांनी बाग दिली, वडिलांनी हयातीतच पुढच्या तीन खोल्या. दोघांची नावे चर्चच्या दारातल्या दगडावर कोरली आहेत आणि खाली माझ्यापुरती जागा घासूनपुसून तयार आहे. उरलेल्या दोन खोल्या वडिलांनी थोरल्या दादाला न देता माझ्या नावे केल्या, कारण बिनलग्नाचा मुलगा अर्पणाला सोयीचा.

कलम २. वडिलांविषयी तक्रार नाही. पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडून स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचे वळण त्यांनीच लावले. ते ऋण फिटणारे नाही. पण पुढच्या खोल्या दिल्या तेव्हा स्वयंपाकघराची खिडकी त्या बाजूला उघडत होती. तिथे भरणाऱ्या चर्चच्या सभेत भांड्यांचा आवाज नको म्हणून ती चिणायची ठरली. आईने विचारले, "तेवढी खिडकी ठेवता येईल का?" वडील म्हणाले, "देवाला दिलेल्यातून मागे घ्यायचं नसतं." पुढे आई अंथरुणाला खिळेपर्यंत भिंतीकडे तोंड करून रांधत राहिली. दान खरे होते. खिडकी मात्र दुसऱ्याची होती.

कलम ३. आता त्या ओट्याशी वहिनी उभ्या असतात. दादा गेल्यावर त्यांना माहेरी जाता आले असते. त्या राहिल्या, आईचे अंथरूण आणि माझे पथ्य सांभाळायला. बदल्यात मी त्यांना सुभाषिते ऐकवली. तीही त्यांनी सोसली. रीतीप्रमाणे माझ्यामागे त्यांना ही जागा सोडावी लागेल. हे त्यांना मान्यही आहे. "भाऊजी, माझ्यापायी देवाचं अडवू नका. मी भाचीकडे पडून राहीन कोपऱ्यात." भाचीचे घर मी पाहिले आहे. त्यात कोपरा शिल्लक नाही.

कलम ४. माझ्या गुरुजींनी पहिल्याच वर्षी शिकवले होते, की श्रुती आणि स्मृती यांत विरोध आला तर श्रुती मानावी. त्यांचा नियम मार्कच्या शुभवर्तमानाला लागू पडेल असे त्या सोवळ्या माणसाच्या स्वप्नातही नसेल. सातव्या अध्यायात प्रभू अशा लोकांना खडसावतो, जे 'हे देवाला वाहिले' म्हणून आईबापांच्या तोंडचा घास काढतात आणि आपल्या रीतीपायी देवाची आज्ञा रद्द करतात. मी तो अध्याय घेऊन आमच्या चर्चच्या पाळकांकडे गेलो. वाद घालायची तयारी केली होती. ती वाया गेली. त्यांनी वाचले, चष्मा काढला आणि म्हणाले, "यावर मी दरवर्षी उपदेश करतो. तुमच्या दगडाकडे बघत."

चर्चच्या खजिनदारांनी मात्र मुद्दा काढला, की वचन आईबापांविषयी आहे, भावजयीविषयी नाही. त्यांना उत्तर असे: थोरली वहिनी आईच्या जागी, असे आपली रीतच सांगते. म्हणजे रीत अगदीच टाकाऊ नसते, तिला फक्त शास्त्राच्या वर बसू देऊ नये.

कलम ५. सबब दोन्ही खोल्या, सामानासह, वहिनींना पूर्ण मालकीने देतो. पुढे त्यांना त्या कोणाला अर्पण कराव्याशा वाटल्या तर त्यांची मर्जी. अट घालत नाही. वहिनींना अट घालणारा अजून जन्मायचा आहे. बचतही त्यांचीच. संस्कृत पुस्तके शाळेला. वडिलांचे शास्त्र, समासातल्या त्यांच्या टिपणांसह, पाळकांना. खजिनदार मागे विचारपूस करायला आले असता खोल्यांची मापे घेऊन गेले, त्यांची मोजायची टेप आमच्याकडे राहिली आहे. ती त्यांना सन्मानपूर्वक परत करावी.

कलम ६. (खोडले आहे.) माझे नाव कोरण्यासाठी ठेवलेल्या पैशांतून माझ्या मृत्यूनंतर ती खिडकी पुन्हा उघडावी, असे येथे होते. मसुदा वाचून पाळक म्हणाले, त्यासाठी तुम्ही मरायची वाट कशाला बघायची, पलीकडची बाजू तर आमचीच आहे. गुरुवारी नाव कोरणारा गवंडीच येऊन भिंत फोडून गेला. वहिनी पदराने धूळ झटकत म्हणाल्या, "सभेत भांड्यांचा आवाज येईल हो."

"येऊ द्या," पाळक म्हणाले. "जेवायची वेळ झाली हे उपदेश करणाऱ्यालाही कळेल."

वहिनी हसल्या, आणि मग बराच वेळ ओट्याशी नुसत्याच उभ्या राहिल्या. त्या दगडावरची माझी जागा कोरीच राहू द्यावी. मला जे मिळायचे ते मिळाले, देणाऱ्याचे आभार.

साक्षीदार पहिले: पाळक (ज्यांच्या मंडळीच्या दोन खोल्या या पत्राने गेल्या). सही.
साक्षीदार दुसरे: डॉक्टर. सही, नेहमीप्रमाणे न लागणारी.
लिहून ठेवणार: वहिनींचा धाकटा दीर. सही.
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५, रविवार, उपासनेनंतर.
ठिकाण: ओट्याजवळ, दिवा न लावता.