भर दुपारची अदियांबो

किसुमू, ३ मार्च १९८६

ती. आओको आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तू पाठवलेली सुकी मासळी पोचली. शेजारणींनी आधी नाकं मुरडली, मग वाटीभर मागूनही नेली.

काम असं. प्रदर्शनासाठी मी आपलं सरोवर रंगवलंय. तीन हिस्से आभाळ, तेही काळंनिळं; खाली पाणी चकाकतंय आणि काठावर वाळणारी मासळी झळझळतेय. नाव दिलंय 'दुपार'. निवड करणारे ओकेयो सर म्हणाले, दुपारी इतका काळोख नसतो; आभाळ उजळ कर, नाहीतर 'संध्याकाळ' नाव दे. शनिवारपर्यंत बदललं नाही तर चित्र लागणार नाही. मी ब्रश लावणार नाही, असं सांगून आले. लहानपणी तुझ्याबरोबर मासळी राखताना मी हा उजेड पाहिलाय. तुलाही आठवतो का, तेवढं कळव.

तुझी हट्टी,
अदियांबो

रुसिंगा, ५ मार्च

चि. अदियांबोस,
अ. उ. आ.

आठवतो का म्हणून काय विचारतेस? त्या उजेडानंच माझी फजिती केली. सत्तावीस वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट सांगते, गावात बोलू नकोस. तुझ्या वेळी सुईण मीच, आणि वेळ बघून नाव पुकारायचा मानही माझाच. बाहेर डोकावले तर सरोवरावर काळोख, कोंबड्या खुराड्यात शिरलेल्या. मी अंगणात जाहीर केलं, संध्याकाळची पोर, अदियांबो. तुझ्या आजोबांनी लगेच त्याच नावानं हाक मारली. घटकाभरानं पाणी टाकायला बाहेर आले, तर ढग सरलेले आणि ऊन डोक्यावर. तू भर दुपारची, आचिएंग व्हायचीस. पण पुकारलेलं नाव माघारी कोण घेणार? हे एका तुझ्या आईलाच ठाऊक, ती अजून मला बघून हसते.

आभाळाला हात लावलास तर माझ्याशी गाठ आहे. त्या सरांनाही सांग. पत्र बोटवाल्याच्या हाती धाडते. माया आहेच, ती वाढवायला जेवायला ये.

तुझी आत्या

किसुमू, ९ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

गावात बोलू नकोस म्हणालीस, म्हणून इथे बोलले. ओकेयो सरांना तुझं पत्र वाचून दाखवलं. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले, आणि चित्र दाराशीच लावायला सांगितलं. रंगाचा एक फटकाराही बदललेला नाही.

खाली लिहिलंय 'दुपार', शेजारी माझं नाव. आपली माणसं दोन्ही वाचून थबकतात आणि विचारतात, पोरी, वेळेत काही घोळ झालाय का? मी सांगते, झालाय, पण तो माझ्या आत्याचा आहे. हे नाव मला आजवर इतकं कधीच आवडलं नव्हतं.

राग उतरला की लिही, नाही उतरला तरी लिही.

तुझी,
भर दुपारची अदियांबो