उसनी लाळ

तीर्थस्वरूप वन्संना,

दोन्ही हात जोडून नमस्कार. (हातांना सध्या कायम जंतुनाशकाचा वास येतो, तेवढा वगळून घ्यावा.) पेशी वाढवायच्या इंजेक्शनांनी तुमची हाडं ठणकत होती, ती थांबली का? मी बरी आहे, म्हणजे उभी आहे.

तुमचे धाकटे बंधू, आमचे भाऊजी, यांची चौकशी तुम्ही करणार नाही, म्हणून न विचारताच सांगते. तुमच्या रक्तातून काढलेल्या मूळ पेशी त्यांच्या अंगात गेल्या, पण अजून रुजल्या नाहीत. (परक्या घरी तुम्हीही लगेच पदर खोचत नाही, मग पेशींना काय बोल लावायचा.) त्याआधीच्या जालीम औषधांनी तोंड आतून सोलून निघालंय. गालाला, जिभेला, घशाला फोड. पाण्याचा घोट घेतला तरी डोळे भरतात. जन्मभर अख्ख्या इमारतीला शिस्त लावणारा माणूस आता पाटीवर लिहून बोलतो. एकेकाळी मला वाटायचं, हे गप्प बसले तर किती बरं होईल. नाही होत. आमचे 'हे' गेले तेव्हाची शांतता मला पाठ आहे, वन्सं. ती पुन्हा नको.

इथे हॉस्पिटलात एक संशोधक मुलगी येते. माझी वाचायची खोड तुम्हाला माहीत आहे. तिच्याकडून पत्रक मागून घेऊन दोनदा वाचलं. लाळ म्हणजे नुसतं पाणी नव्हे. तिच्यातली काही प्रथिनं तोंडाला वंगण घालतात, काही जंतूंना अडवतात, आणि कुणाला जास्त फोड येतील हे त्यांच्यावरून आधी ओळखता येईल का, ते ही मुलगी शोधते आहे. त्यासाठी तिला नळीत लाळ हवी. आता बघा, ज्या माणसाने जिन्याच्या प्रत्येक वळणावर 'येथे थुंकू नये' रंगवून घेतलं, तुम्ही गॅलरीतून संत्र्याच्या बिया थुंकलात म्हणून सख्ख्या बहिणीचं नाव इमारतीच्या फळ्यावर लावलं (तुमचा एवढ्या वर्षांचा अबोला त्या बियांवरच उभा आहे), त्याला ही पोर रोज गोड आवाजात म्हणते, "काका, थुंका ना!" आणि काकांच्या तोंडात थेंब नाही.

परवा नळीचा तळ जेमतेम ओला झाला. भाऊजींचा चेहरा कोरा पेपर देऊन आलेल्या मुलासारखा. मला राहवलं नाही. शेजारणीला वाटीभर साखर द्यावी तशा भावनेने मी नळी बाथरूममध्ये नेली, मास्क खाली केला आणि रेघेपर्यंत भरून आणली. नळी भरल्याशी मतलब, कुणाची ते कोण बघतंय! (पत्रक दोनदा वाचूनही.)

आज मुलगी धावतच आली. "काकू, काकांची लाळ एकदम निरोगी माणसासारखी! असं कधी होत नाही." ती मोठ्या डॉक्टरांना सांगायला निघाली तेव्हा मी तिची वाट अडवली. म्हटलं, "अगं बाई, ती माझी." ती मटकन खाली बसली. मग वहीतली नोंद खोडत म्हणाली, "काकू, हा नमुना फेकावा लागेल. पण तुमची लाळ छान आहे हं." 'हे' गेल्यापासून माझं काही छान आहे असं कुणी म्हटलं नव्हतं, म्हटलं तेही फेकताना.

भाऊजींनी पाटी ओढली आणि मला उद्देशून लिहिलं, 'येथे थुंकू नये.'

बाकी सगळं जिथल्या तिथे. तब्येतीला जपा.

तुमची भावजय

ता. क. पेशी दिल्यात, बोलणं तेवढं राखून ठेवलंत. इथे खोलीच्या काचेबाहेर, भेटायला येणाऱ्यांसाठी, एक फोन आहे. या आणि पोटभर भांडा. त्यांना उलट उत्तर देता येणार नाही. अशी संधी पुन्हा मिळायची नाही.

आणखी एक. लाळ सुटावी म्हणून मुलीने भाऊजींना लिंबाचं चित्र दाखवलं. काही नाही. मग मी सहज म्हटलं, वन्संना पत्र लिहायला बसते. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि आवंढा गिळला. दुखलं असणार, खूप. पण वन्सं, कोरड्या तोंडाने आवंढा गिळता येत नाही.