साहेबासमोरचं गाऱ्हाणं

चिमे,

तू धाकटी बहीण म्हणून आशीर्वाद लिहिते, पण मनापासून नाही.

मनाच्या आजाराचं औषध नि डॉक्टर गावच्या सरकारी दवाखान्यात मिळावा म्हणून बायका गोळा केल्या मी. रत्नागिरीच्या मोर्चात घसा फोडला मी. आणि तू गो? आरोग्य खात्याच्या साहेबाच्या टेबलावर नारळ ठेवलास नि देवळातल्यासारखं गाऱ्हाणं घातलंस, "बा साहेबा, आमची पोरं मार्गी लाव!" सगळे ओरडले, "होय महाराजा!" साहेब खुर्चीतून उठला. आता डॉक्टर दर सोमवारी तुमच्या दाभोळात येतो. आमच्या बुरोंडीला नुसतं आश्वासन.

तुझा लेक दर्शन औषधानं सावरून पुन्हा जाळी विणतो म्हणे. ऐकलं नि माझ्या कालवणात मीठ दोनदा पडलं. जळते मी. माझा अनिल अजून दाराआड बसतो. रत्नागिरीपर्यंत एसटीत तो टिकत नाही, मग औषध तुटतं.

साहेबाकडे परत जायचंय. नारळ सोलून ठेवलाय, पण माझ्या तोंडून गाऱ्हाणं नाही, शिवीच निघते. तू येशील का, हे विचारायला बसले, तर भांडूनच झालं. हे पत्र टपालात टाकत नाही.

सोमवारी अनिलला घेऊन तुझ्याच दारात येते. भात जास्त लाव, हे तुला सांगावं लागायचं नाही. तिथेही तूच चांगली ठरशील, मेले.

तुझी थोरली,
सावित्री