चिकटवलेली दोन पानं

अहो,

मी एसटीनं खालापूरला चालले आहे, समिधाच्या होणाऱ्या सासरी. भात कुकरमध्ये आहे, आमटी तेवढी गरम करून घ्या.

काल व्याही म्हणाले, "आमच्या मूळपुरुषानं एकट्यानं गड राखला." मुलीच्या बापानं अशा वेळी 'वा!' म्हणून पोह्यांची बशी पुढे करायची असते. तुम्ही आतून आपल्या भागातल्या घराण्यांवरचं ते नवं जाडजूड संशोधन आणलंत आणि 'या कथेला पुरावा नाही' हे तळटिपांसकट वाचून दाखवलंत. व्याही चहा न पिताच उठले. पोरगी तेव्हापासून तुमच्याशी बोलत नाही, हे तुमच्या लक्षात आलं नसेलच.

पुस्तक मी बरोबर नेते आहे. त्यातली दोन पानं तुम्ही डिंकानं चिकटवली होतीत, ती मी भाताच्या वाफेवर सोडवली. तुमच्या पणजोबांच्या पणजोबांना दरबारात मिळालेल्या सोन्याच्या कड्यालाही पुरावा नाही म्हणे! दर लग्नात ऐकत आलेय मी ते कडं.

व्याह्यांना आता तेच पान वाचून दाखवते. पुरावा दोन्ही घरांकडे नाही, म्हणजे सोयरीक अगदी तोलामोलाची आहे.

विमल