मातिल्देबाईंचा दहावा

माद्रिद, स्पेन

तीर्थरूप आबा, सृष्टी पाया पडते.

मी बरी हाय. थंडी सरली, दोन्ही वेळा नीट जेवते. तुमचा गुडघा कसा हाय? मेंढरं यंदा कुणाच्या रानात बसवली?

एक वाईट बातमी हाय. ज्यांच्या गोष्टी मी मराठीत आणते, त्या मातिल्देबाई गेल्या. इथल्या मेंढपाळांवर लिहायच्या, पण वडूजच्या आपल्या माळाचं मला पुन्हा पुन्हा विचारायच्या. शेवटची गोष्ट अर्धीच राहिली.

इथं दहावा घालत न्हाईत. मला राहवलं न्हाई. गॅलरीत दहीभात ठेवला. कावळा कठड्यावर बसून नुसता बघत होता. शेवटी हात जोडून म्हणले, "बाई, हाय तेवढी गोष्ट मी मराठीत आणते, अर्धी का असंना." तवा शिवला.

मग मात्र मी तिथंच खाली बसले. आईच्या दहाव्याला मला येता आलं न्हाई, साईराजदादानं फोनवर दाखवलं. कावळा शिवंना. तुमी पिंडापाशी वाकून कायतरी बोललात, अन् लगेच शिवला. काय बोललात ते ऐकू आलं न्हाई. फोनवर विचारायला तोंड उघडंना, म्हणून लिहिते.

"पोरगी घरी परत येईल" असं आईला कबूल केलं असलं, तर कळवा. इथलं काम मला सोडवत न्हाई, आबा. पण आई जाताना तिच्याशी तुमी खोटं बोललात, असं माझ्यापायी व्हायला नको.

तुमचीच,
सृष्टी